खामगावात शांत घर कसे थाटावे? फेंगशुईप्रेमींसाठी सचित्र नसलेली मार्गदर्शिका

खामगावात घर बांधायला काढणाऱ्याजवळ तीन गोष्टी आधीच जमलेल्या असतात: आर्किटेक्टचा नकाशा, बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र आणि पुण्यात राहणाऱ्या साळीचा सल्ला. पहिल्या दोन गोष्टी बदलता येतात. साळीने मात्र फ्लॅटमध्ये फेंगशुई करून घेतलेले असते, तिथे तिला निसर्गाच्या कुशीत असल्यासारखे वाटत असते आणि तसे फोटोही ती रोज पाठवत असते. तेव्हा खामगावकर गृहस्थानेही हे शास्त्र रीतसर अंगीकारावे, या हेतूने पुढील सूचना दिल्या आहेत.

साहित्य (चार माणसांच्या कुटुंबासाठी)

हसरा बुद्ध 1, तीन पायांचा बेडूक 1, लाल दोऱ्यात ओवलेली चिनी नाणी 3, अष्टकोनी आरसा 1, विंड चाइम 1, लकी बांबूच्या काड्या विषम संख्येने, मनी प्लांट चोरून आणलेला. याखेरीज टिकाव, ओळंबा, कडुनिंबाचे रोप आणि कूलर. हे शेवटचे चार जिन्नस पुण्याच्या यादीत नसतात.

साहित्याची खातरजमा करून घ्यावी. हसरा बुद्ध म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला, खांद्यावर पोते टाकून गावोगाव हिंडणारा चिनी भिक्षू. स्वतःचे घर नसलेल्या माणसाला घराच्या भरभराटीचे काम दिले जाते, यात त्याची काही चूक नाही. लकी बांबू हा बांबू नाही. तो ड्रासेना वंशातला, मूळचा मध्य आफ्रिकेतला. मनी प्लांटचे माहेर प्रशांत महासागरातल्या मोरिया बेटावर. एवढ्या लांबून आलेल्या मंडळींना खामगावच्या मे महिन्याची कल्पना आधी द्यावी.

ग्रंथाधारही पाहून ठेवावा. फेंगशुईचा सर्वांत मान्यवर जुना ग्रंथ गुओ पू (इ. स. 276 ते 324) या विद्वानाच्या नावावर सांगितला जातो. तो मुख्यतः थडगी कुठे बांधावीत याविषयी आहे. त्यामुळे टू बीएचकेला त्याचे नियम लावण्यापूर्वी घरातली सर्व मंडळी हयात आहेत, एवढे पाहावे.

पायरी पहिली: दिशा ठरवणे

फेंगशुईचे म्हणणे स्वच्छ आहे. घराच्या पाठीशी, म्हणजे उत्तरेला डोंगर असावा. पुढे, दक्षिणेला मोकळी जागा आणि पाणी असावे. दार दक्षिणेकडे उघडावे. उत्तर चीनमध्ये हे अगदी बरोबर आहे. तिथे हिवाळ्यात बोचरा वारा उत्तरेकडून येतो आणि सूर्य दक्षिणेकडून ऊब देतो. डोंगराने वारा अडवायचा, दाराने ऊन घ्यायचे, एवढा सरळ हिशेब.

आता खामगावचा नकाशा घ्यावा. गाव घाटाखाली. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचा कडा, बोथ्याचा घाट. उत्तरेला सपाट काळे रान आणि पलीकडे पूर्णा नदी. म्हणजे चिनी आदर्शाचा कागद बरोबर उलटा धरला की खामगाव दिसते. गाव उचलून फिरवता येत नाही, नगरपालिकेकडे तशी तरतूद नाही.

त्यात भर म्हणजे आपले वास्तुशास्त्र. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे दार नको, असे ते म्हणते. एक सल्लागार जे दार ठेवायला सांगतो, तेच दार दुसरा बुजवायला सांगतो. दोघांनाही एकाच दिवशी बोलवावे, चहा द्यावा आणि गृहस्थाने बाहेर ओसरीवर बसावे. घरात शांतता नसली तरी ओसरीवर ती मिळते.

दोघे गेल्यावर सूर्याला विचारावे. खामगाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते. जुलैच्या मध्यात हा प्रकार पुन्हा घडतो. मधल्या दिवसांत दुपारचा सूर्य चक्क किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून इथे उन्हाळ्यात सर्वांत जास्त सोसते ते छत, आणि त्यानंतर पश्चिमेची भिंत. दुपारी चारनंतर तिला हात लावून पाहावा. चटका बसतो, आणि दिवे लागल्यावरही ती ऊन सोडत राहते. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, अडगळीची खोली असे जिथे माणूस झोपत नाही ते न्यावे. ही सूचना दोन्ही शास्त्रांना मान्य आहे का, हे दोन्ही सल्लागारांना चार वाजता त्या भिंतीला टेकून बसवून विचारावे.

पायरी दुसरी: पृथ्वीतत्त्व

फेंगशुईत मातीचे तत्त्व वाढवण्यासाठी नैर्ऋत्येला चिनी मातीची फुलदाणी ठेवतात. खामगावात मातीचे तत्त्व वाढवावे लागत नाही, ते आपण होऊन वाढते.

कपाशीची काळी कसदार जमीन पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती तिच्यात भरपूर असते, तिचा हा गुण. मेमध्ये रानात पडलेल्या भेगेत हात घातला तर मनगट आत जाते. अशा जमिनीवर उथळ पाया घेतला की घरही दरसाल थोडे वर जाते, थोडे खाली येते. जुलैत दार चौकटीत अडकते, एप्रिलमध्ये ते आपोआप सैल होते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून विटांच्या सांध्यासांध्याने एक तिरकी भेग खाली उतरते. सल्लागार ती भेग पाहून ईशान्येचा दोष सांगतो. वऱ्हाडातला जुना गवंडी तीच भेग पाहून एवढेच विचारतो, "मुरूम कुठी लागला होता, भौ?"

उत्तर देता आले नाही तर बेडूक कोणत्याही दिशेला तोंड करून ठेवावा, फरक पडणार नाही. घर अजून बांधायचे असेल तर काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणावे. तो फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी कंदासारखे फुगवलेले काँक्रीटचे खांब घ्यावेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठीच ही पद्धत विकसित केली. घराभोवती पाणी मुरू देऊ नये. वाडवडिलांनी याहून सोपा उपाय काढला होता. काळीत पेरायचे आणि पांढरीवर राहायचे. भिंती हातभर जाड मातीच्या, वर धाबे, धाब्यावर पांढरी खारवट माती, आणि दर पावसाळ्याआधी तिचा नवा थर. आत उन्हाळाभर गारवा. या पद्धतीत एकच उणीव आहे: ती दरवर्षी करावी लागते. तीन पायांच्या बेडकाला असले काही लागत नाही, त्यामुळे बाजारात तोच जास्त खपतो.

पायरी तिसरी: वाहती ऊर्जा

घराचे पुढचे दार आणि मागची खिडकी एका रेषेत असू नये, आलेली ऊर्जा सरळ निघून जाते, असे फेंगशुई बजावते. ही सूचना उत्तर चीनच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवावी.

वऱ्हाडात उन्हाळ्यात घराला जिवंत ठेवणारी वस्तू म्हणजे पत्र्याचा कूलर. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला, तीन बाजूंना वुडवुलची किंवा वाळ्याची गवती तट्टी, खाली टाकी, टाकीत टुल्लू पंप. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेते, एवढेच त्याचे रहस्य. पण त्याने आत ढकललेल्या दमट हवेला बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी बंद केली की खोलीत चिकचिक होते, चादर ओली लागते आणि घरातले लोक एकमेकांना दोष देऊ लागतात. तेव्हा ऊर्जा बिनदिक्कत निघून जाऊ द्यावी. जाताना ती घामही घेऊन जाते.

विंड चाइम कूलरच्या झोतात टांगू नये. रात्री दीड वाजता ती खाली काढण्यासाठी स्टुलावर चढावे लागते.

पायरी चौथी: धातू, संपत्ती आणि सरळ रेषा

धातूची दिशा पश्चिम. तिथे लाल दोऱ्याची तीन नाणी टांगावीत, असे सांगतात. ज्या गावाची चांदी तिच्या शुद्धतेसाठी नावाजलेली आहे आणि जिथे परप्रांतातून लोक चांदीची भांडी, मूर्ती घ्यायला येतात, त्या गावाने पितळी मुलामा दिलेली नाणी टांगणे हा विनय समजावा.

घराकडे थेट येणारा सरळ रस्ता किंवा रूळ फेंगशुईत फार वाईट. त्याला विषारी बाण म्हणतात. खामगावावर असा बाण 1870 मध्येच सुटला. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मान वळवली. खामगावची कापूसपेठ मोठी. तिच्यासाठी जलंबपासून सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा टाकला गेला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आले. बाण नेमका पेठेत येऊन रुतला आणि त्या जखमेतून पैसा वाहू लागला.

चीनमध्ये शांघायजवळ वुसंगचा लोहमार्ग 1876 साली सुरू झाला. भूमीची शांती बिघडते या तक्रारीपासून परकीयांच्या शिरकावापर्यंत अनेक कारणांनी त्याला विरोध झाला; सरकारने तो विकत घेतला आणि 1877 मध्ये उखडून टाकला. खामगावने आपला बाण जपून ठेवला. त्याचा पुढे जालन्यापर्यंत विस्तार व्हावा, ही मागणी तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फेंगशुईच्या इतिहासात बाण लांब करून मागणारे दुसरे गाव सापडणे कठीण.

पायरी पाचवी: शेजारी

अष्टकोनी आरसा दारावर लावला की अशुभ परत फिरते. कुठे परत फिरते? समोरच्या घरात. मग समोरचा गृहस्थ त्याहून मोठा आरसा आणतो. हाँगकाँगमध्ये आय. एम. पेई यांनी आखलेला बँक ऑफ चायनाचा मनोरा 1990 मध्ये उभा राहिला, तेव्हा त्याच्या धारदार कडांना उत्तर म्हणून एचएसबीसी बँकेने गच्चीवर तोफांसारख्या दिसणाऱ्या क्रेन बसवल्या, असे तिथले लोक रंगवून सांगतात. खामगावात इतका खर्च करण्याची गरज नाही. कैरीच्या लोणच्याची एक बरणी पलीकडे पाठवावी, आरसा उतरवला जातो.

पायरी सहावी: आवाज

गाव मुंबई–कोलकाता महामार्गावर आहे. ट्रकच्या हॉर्नवर चिनी उपाय उपलब्ध नाही. शिवाय इतर गावांतल्या देवी दसऱ्याला विसर्जित होतात, तर खामगावात कोजागिरीला मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो. त्या उत्सवाचे नावच शांती महोत्सव. त्या दिवसांत घरात बसून शांतता शोधणाऱ्याला गाव वेड्यात काढते. खिडक्या उघडाव्यात आणि दर्शनाला जावे.

पायरी सातवी: निसर्गाशी नाते

दाराशी कडुनिंब लावावा, शक्यतो पश्चिमेला. तो मोठा होईपर्यंत दहा वर्षे धीर धरावा. मधल्या काळात मनी प्लांटवर भागवावे. मनी प्लांट आग्नेयेला ठेवतात, कारण ती फेंगशुईत संपत्तीची जागा. वास्तुशास्त्राने तिथेच गॅसची शेगडी ठेवायला सांगितलेले असते. फोडणीचा धूर आणि कढईचा वाफारा खाऊन वेल आठवडाभरात पिवळी पडते. ती चोरीची असल्याने तक्रार कोणाकडे करता येत नाही.

निसर्गात जागा कशी निवडावी, याचा बुलडाणा जिल्ह्यातला सर्वांत चोख नमुना मात्र माणसाने घातलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर वाघ जून 2019 मध्ये घर शोधायला निघाला. त्याच्या गळ्यात वन्यजीव संशोधकांनी रेडिओ कॉलर घातलेली होती, म्हणून सगळा माग कळला. महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे, शेते, नाले, रस्ते ओलांडत 1,300 किलोमीटरहून जास्त चालून तो डिसेंबरात खामगाव–बुलडाणा रस्त्यावरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दिवसा झुडपात पडून राहायचा, रात्री चालायचा. त्याने पाहिले ते एवढेच: पाणी आहे का, सावली आहे का, नीलगाई आणि रानडुकरे आहेत का, माणसे दूर आहेत का. चारही उत्तरे होय आली. पाचवे मात्र चुकले. तिथे वाघीण नव्हती. घर पसंत पडूनही त्याची चाल थांबली नाही, आणि 2020 मध्ये कॉलर निघेपर्यंत त्याच्या नावावर 3,000 किलोमीटरहून जास्त अंतर जमा झाले. नैर्ऋत्येला बदकांची जोडी ठेवली असती तर काय झाले असते, हे फेंगशुईवाले सांगू शकतील.

वार्षिक देखभाल

फाल्गुन: कूलर खाली उतरवून टाकी घासावी, तट्ट्या बदलाव्यात. वायर उघडी पडली असेल तर पाण्याला हात लावण्याआधी ती दुरुस्त करावी.

वैशाख: छतावर चुना मारावा. पांढरे छत ऊन परतवते. साळीला फोटो पाठवायला हरकत नाही.

ज्येष्ठ: पन्हाळी साफ करावी, घराभोवतीचे पाणी उताराने बाहेर काढावे. पहिल्या पावसात घरात शिरणाऱ्या बेडकाचे पाय मोजावेत. चार भरले तर हलक्या हाताने बाहेर सोडावा.

श्रावण: दार अडकले तर लगेच रंधा मारू नये. दिवाळीनंतर फट दिसते.

कार्तिक: भिंतीवरच्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. पुढच्या वर्षी ती वाढली असेल तर सल्लागाराला नव्हे, इंजिनिअरला दाखवावी.

मार्गशीर्ष: कूलर पुसून ताडपत्रीने झाकावा. त्याच्या डोक्यावर जी सपाट जागा उरते, तिथे हसरा बुद्ध मावतो. दिशा कोणतीही चालेल, फक्त फाल्गुनात आधी त्याला उतरवायला विसरू नये.