अडतीस आले का?

परदेशी सहलीवरचा टूर मॅनेजर बसमध्ये चढला की आधी बोलत नाही, मोजतो. ओठ मिटलेले, तर्जनी हवेत जेमतेम हलतेय; पुढून मागे, मागून पुढे. छत्तीस. दोघं टॉयलेटला गेलीत, म्हणजे अडतीस. पण ती दोघं गेली हे सांगितलं कोणी? चौदा नंबरच्या काकूंनी. मग चौदा नंबरचे काका कुठे आहेत? पुन्हा पहिल्या सीटपासून सुरुवात. खिडकीबाहेर साक्षात टेबल माउंटन उभा असतो आणि मॅनेजरची त्याच्याकडे पाठ असते. डोंगर कुठे जात नाही. काका जातात.

वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, घर डोंबिवलीत नाहीतर सिंहगड रोडला, शिक्षण बीकॉम, आणि कॉलेजात असताना एकांकिकांच्या तालमीत वाया घालवलेली दोन वर्षं. नोकरीत उपयोगी पडतात ती हीच दोन. कमरेच्या पाऊचमध्ये सगळ्यांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स, रूमिंग लिस्ट, ओआरएस, जेलुसिल, सेफ्टी पिना आणि तुटलेल्या बॅगा बांधायला सुतळी. बसमधली बहुतेक मंडळी त्याच्या आईवडिलांच्या वयाची. मुंबईच्या विमानतळावर ती त्याला 'सर' म्हणतात, मधे विमान बदलेपर्यंत 'अहो' म्हणतात आणि जोहान्सबर्गला उतरताना 'अरे, माझी बॅग बघ ना' सुरू झालेलं असतं.

टूर दक्षिण आफ्रिकेची. शहर, जंगल आणि द्राक्षमळे असं तीनपदरी पॅकेज. पहिल्या रात्रीच्या ब्रीफिंगमध्ये तो उद्याचं टायमिंग सांगतो, "पाच-सहा-सात." म्हणजे पाचला वेक-अप कॉल, सहाला नाश्ता, सातला बस सुटणार. ग्रुप टूरवर मुरलेल्या माणसाला हे पुरतं. नवखे विचारतात, "पाच इथले की आपले?" दक्षिण आफ्रिकेचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. एका काकांनी मनगटावरचं घड्याळ बदलायला ठाम नकार दिलेला असतो, कारण गोळ्यांच्या वेळा त्यावर बसवलेल्या आहेत. त्यामुळे त्यांचा नाश्ता आफ्रिकेच्या वेळेला आणि साखरेची गोळी ठाण्याच्या.

रात्री दहाला फोन सुरू होतात. तिथलं सॉकेट तीन जाड, गोल भोकांचं असतं, आपल्याकडे गीझरला असतं तसं. दुकानदाराने 'जगात कुठेही चालेल' म्हणून दिलेला अडॅप्टर त्यात जात नाही. निघण्यापूर्वी पाठवलेल्या सूचनांत हे ठळक अक्षरांत होतं. पण सूचना वाचायच्या असत्या तर मॅनेजरसकट टूर कशाला घेतली असती? तो पाऊचमधून कन्व्हर्टर काढतो आणि मजल्यामजल्यावर वाटत फिरतो.

दुसऱ्या दिवसापासून खरा प्रश्न सुरू होतो, तो म्हणजे सीट रोटेशन. रोज प्रत्येकाने दोन रांगा मागे सरकायचं, शेवटच्यांनी पुढे यायचं. कागदावर याहून न्याय्य व्यवस्था शोधून सापडणार नाही. बसमध्ये मात्र एकाला गुडघा असतो, दुसरीला मळमळ, आणि तिसऱ्यांना काहीही नसतं पण ते बँकेतून चीफ मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले असतात. मॅनेजर तक्ता दाखवतो, हसतो, गुडघ्याला मार्गिकेकडची सीट देतो, मळमळीला आल्याची वडी देतो आणि चीफ मॅनेजरांना म्हणतो, "साहेब, मागून तुमचं सगळ्यांवर लक्ष राहील." साहेब मागे जाऊन बसतात आणि खरोखरच लक्ष ठेवतात. एकांकिकेची दोन वर्षं वाया गेलेली नसतात.

मराठी पाहुण्याला या देशात फिरवणं किती जिकिरीचं आहे, याला जुना दाखला आहे. ऑक्टोबर १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले केपटाउनला उतरले आणि त्यांची सगळी व्यवस्था गांधीजींनी अंगावर घेतली. गांधीजींच्या टॉलस्टॉय फार्म या आश्रमवजा वसाहतीवर न्यायचं तर स्टेशनपासून दीड मैल पायपीट. त्यात पाऊस आला आणि गोखल्यांना थंडी बाधली. स्वयंपाकघर लांब, त्यामुळे जेवण खोलीत पोचेपर्यंत गार. जोहान्सबर्गच्या मेजवानीच्या वेळी उपरणं चुरगळलेलं निघालं, आणि ते न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं. गांधीजी म्हणाले, मी इस्त्री करतो. गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर भरवसा होता, धोबीकामावर नव्हता. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. शेवटी इस्त्री गांधीजींनीच केली. खास हिंदी लोकांच्या सभांमध्ये गोखले मराठीत बोलायचे आणि गांधीजी त्याचं हिंदुस्तानी करायचे. झांझिबारपर्यंत हे चाललं. पायपीट, गार जेवण, इस्त्री आणि दुभाषेपण: टूर मॅनेजरच्या कामाचं स्वरूप तेव्हा ठरलं ते ठरलंच. गांधीजींच्या ग्रुपमध्ये पाहुणा एकच होता, आणि शेवटी फीडबॅक फॉर्म नव्हता, एवढीच काय ती सवलत.

जोहान्सबर्गहून क्रूगरला बसने पाच-सहा तास. वाटेत अंताक्षरी होते, हाऊजी होते, आणि मॅनेजर माईक घेऊन माहिती सांगतो. १८९८ साली इथे राखीव जंगल झालं, १९२६ मध्ये नॅशनल पार्क. 'बिग फाइव्ह' म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. आकाराने मोठे म्हणून नव्हे, तर पायी शिकार करायला सगळ्यांत धोक्याचे म्हणून शिकाऱ्यांनी निवडलेले पाच. ऐकणारे तिघे असतात. बाकीचे झोपलेले, आणि उठल्यावर तेच विचारणार असतात, "पण गेंडा बिग फाइव्हमध्ये येतो का रे?"

जंगलात मॅनेजरची झोप उडते, कारण अडतीस माणसं चार उघड्या जीपमध्ये वाटली जातात आणि मोजणी चार जागी होते. शिवाय चार जीप म्हणजे चार नशिबं. मे महिन्यातली पहाट, अंगावर हॉटेलची ब्लँकेटं, डोक्याला माकडटोप्या, आणि समोर इम्पाला जातीची हरणं. पहिल्या कळपाचे तीनशे फोटो निघतात. दुसऱ्या कळपाचे चाळीस. पाचव्या कळपापाशी काकू म्हणतात, "पुढे घ्या हो, हरणंच आहेत." तासाभरात माणूस वन्यजीवनाला किती सरावतो!

मग रेंजरच्या रेडिओवर काहीतरी खरखरतं आणि जीप वळते. झुडपाखाली सिंह. म्हणजे एक पिवळसर पोट आणि शेपटीचा गोंडा. सिंह दिवसाचे वीस-वीस तास झोपून काढू शकतो. अडतीस जणांनी प्रत्येकी चार लाखांच्या वर मोजलेत, हे त्याच्या कानावर आलेलं नसतं. रेंजरने बजावलेलं असतं की उभं राहायचं नाही, बोलायचं नाही. काका कुजबुजतात. काकांची कुजबुज पलीकडे मोझांबिकपर्यंत जाते.

"अरे, उठव ना त्याला."

"काका, तो स्टाफ नाहीये आपला."

सिंह एक डोळा उघडतो, काकांना बघतो आणि पुन्हा मिटतो. मॅनेजर मात्र त्या वेळी सिंह बघत नसतो. काकूंचं ब्लँकेट जीपबाहेर लोंबतंय, ते तो हळूच आत ओढत असतो.

संध्याकाळी हिशेब होतो. दोन नंबरच्या जीपला बिबट्या दिसला, बाकी तिघींना नाही. जेवणाच्या टेबलांवर एकदम फाळणी. दोन नंबरवाले मोबाइल फिरवत असतात. फोटोत झाड असतं आणि झाडात, ते म्हणतात म्हणून, बिबट्या. मॅनेजर प्रत्येक टेबलाशी जातो, आणि फारच अन्याय झालेल्यांसमोर खिशातून नोटा काढून मांडतो. दक्षिण आफ्रिकेच्या नोटांवर पाचही प्राणी आहेत: दहा रँडवर गेंडा, वीसवर हत्ती, पन्नासवर सिंह, शंभरवर रानम्हैस आणि दोनशेवर बिबट्या. "घ्या, बिग फाइव्ह पूर्ण." काका नोट उजेडात धरून म्हणतात, "हा जागा आहे पण." सगळे हसतात. या गडबडीत मॅनेजरचं ताट बुफेवर तसंच राहतं. तो उभ्याउभ्या दहीभात खातो, एका हातात उद्याची रूमिंग लिस्ट.

केपटाउनला त्याचा शत्रू बदलतो. इथे प्राणी नाही, वारा. टेबल माउंटनची केबल कार १९२९ पासून चालू आहे आणि जोराचा वारा सुटला की बंद ठेवतात. सकाळी खिडकीतून डोंगरावर पसरलेला पांढरा ढग दिसला की सगळे 'अय्या, किती सुंदर' म्हणतात आणि मॅनेजरच्या पोटात गोळा येतो. बंद निघाली तर अडतीस चेहरे त्याच्याकडे अशा नजरेने बघणार, की वारा त्यानेच सोडलाय. चालू असली तर खिडकीची जागा धरायला धावाधाव. तो ओरडून सांगत असतो, "सावकाश, आतली फरशी गोल फिरते, सगळ्यांना सगळं दिसणार आहे." विश्वास कोण ठेवतो? जागा धरणारे धरतात, फरशी फिरते, आणि हक्काची खिडकी आपसूक समोरच्या काकूंकडे जाते. रोटेशन इथेही चुकत नाही.

केप ऑफ गुड होपच्या पाटीपाशी तो एका बाबतीत मुद्दाम गप्प राहतो. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाश इथून वळसा घालून गेला, हे तो सांगतो. आफ्रिकेचं दक्षिण टोक मात्र हे नव्हे, ते पुढे केप अगुल्हासला आहे, हे तो फोटो काढून झाल्याखेरीज बोलत नाही. 'टोकावर आलोय' या आनंदात माणसं असताना भूगोल मधे आणू नये. पण ग्रुपमध्ये एक निवृत्त शिक्षिका असतातच. त्यांनी पाटी नीट वाचलेली असते. "यावर नैर्ऋत्य टोक लिहिलंय!" मॅनेजर काही उत्तर देणार, तेवढ्यात एक बबून येतो, बाईंच्या हातातलं बाकरवडीचं पाकीट हिसकावतो आणि दगडावर बसून एकेक बाकरवडी फोडून आतला मसाला तपासायला लागतो. भूगोलाचा विषय तिथेच मिटतो. खायचं काही बाहेर काढू नका, हे मॅनेजरने बसमध्ये तीनदा सांगितलेलं असतं. ते आता तो चौथ्यांदा सांगत नाही. बाईंच्या हातावर ओरखडा नाही ना, तेवढं बघतो.

उरतात द्राक्षमळे. स्टेलनबॉश १६७९ सालचं गाव. पांढऱ्या भिंतींच्या जुन्या डच घरांमागे निळे डोंगर, आणि मे महिन्यात वेलींची पानं पिवळी पडलेली. टेबलावर पाच-पाच ग्लास, प्रत्येकात तळ जेमतेम झाकेल एवढी वाइन. "एवढीच?" हा पहिला प्रश्न. चव घेऊन थुंकायला ठेवलेलं भांडं बघून दुसरा, "हे कशाला?" कारण कळल्यावर एक काका दुखावल्या स्वरात म्हणतात, "पैसे भरलेत आपण." एका काकूंची संकष्टी निघते, म्हणून त्यांचे पाचही ग्लास यजमानांकडे जातात. यजमानांना यंदा संकष्टी मनापासून पटलेली दिसते. वाइनचा जाणकार सांगत असतो की या पिनोताजमध्ये प्लम आहे, धूर आहे, थोडं चॉकलेट आहे. मॅनेजर ते मराठीत आणतो. मागून आवाज येतो, "द्राक्षं आहेत का विचार."

हे विचारणारे निफाडचे बागायतदार. इतके दिवस ते सिंहापुढे गप्प, पेंग्विनपुढे गप्प. आता ते उठून थेट वेलीपाशी जातात, खोडावर अंगठा फिरवतात आणि मॅनेजरला म्हणतात, "विचार यांना, छाटणी किती वेळा?" एकदाच, थंडीत, असं उत्तर येतं. "आमच्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. सांग." मॅनेजरला खरड छाटणीचं इंग्रजी येत नाही. तो हातवारे करतो, बोटांची कात्री चालवतो. तिथल्या माणसाचे डोळे चमकतात. मग डाउनी, भुरी असले वेलीचे रोग, पाण्याची टंचाई, मजुरी, एकरी उतारा. दोघांची अशी जमते की वाइनचा सोहळा बाजूला राहतो आणि मॅनेजर मधे उभा राहून इकडचं तिकडे करत घामाघूम. १९२५ साली याच गावात पिनोताजची जात तयार झाली, हे ऐकल्यावर निफाडकर मान हलवून म्हणतात, "काडी मिळेल का?" मॅनेजर हे भाषांतर गाळतो. कस्टमवाल्यांचं त्याला चांगलं ठाऊक आहे.

बसमध्ये परतताना सगळे खुशीत. चीफ मॅनेजर साहेब उठून म्हणतात, "आज मोजणी मी करणार." ते मोजतात. एकोणचाळीस. बसभर खळबळ. कोण परका चढला? पुन्हा मोजतात, पुन्हा एकोणचाळीस. पिशव्या तपासा, अशीही सूचना येते.

"साहेब," दारातून आवाज येतो, "तुम्ही मलाही धरलंत."

शेवटच्या रात्री फीडबॅक फॉर्म. हॉटेल, बस, नाश्ता, प्रेक्षणीय स्थळं. प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. मॅनेजर लॉबीत बसून वाचत जातो. सिंह लांब होता. उपम्यात मीठ कमी. वाइन थोडी दिली. वाऱ्याबाबत कंपनीने काहीतरी करावं. शेवटचा फॉर्म चीफ मॅनेजर साहेबांचा, बँकेच्या वळणदार अक्षरात. सगळीकडे तीन गुण, कारण साहेबांनी नोकरीत कोणाला चार दिलेच नाहीत. 'सुधारणेसाठी सूचना' या रकान्यात मात्र लिहिलंय: "मुलगा वेळेवर जेवत नाही. पुढच्या टूरपासून त्याच्याकडे बघायला एक माणूस सोबत द्यावा. मी रिकामाच आहे."