पार्टिशनवाले काका

कुणाकडे नवा लॅपटॉप आला की सोसायटीतले पार्टिशनवाले काका हजर. किंमत विचारत नाहीत, रंग बघत नाहीत. चप्पल काढता काढताच पहिला प्रश्न, "पार्टिशनं किती पाडलीत?" एकच आहे म्हटलं की ते आधी तुमच्याकडे बघतात, मग लॅपटॉपकडे. "चहा नंतर, वहिनी. आधी हे मार्गी लावू."

काका कॉम्प्युटर शिकले ते लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन जोडायच्या काळात. तेव्हा ही विद्या खरंच लागायची, हे मान्य करायला हवं. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीत पार्टिशन २ जीबीच्या वर जातच नसे, त्यामुळे मोठी डिस्क तोडावीच लागे. शिवाय व्हायरस शिरला की सी फॉरमॅट मारायचा, डीमधलं सगळं शाबूत. काळ्या पडद्यावर एफडिस्कनं डेटा जाईल म्हणून दम दिल्यावरही न कचरता 'वाय' दाबणारा माणूस गल्लीत एखादाच असे. तो मान काकांचा. तो त्यांनी अजून सोडलेला नाही.

आताचा लॅपटॉप ५१२ जीबीचा. त्यात ४७६ च दिसतात म्हणून घरचे दुकानदाराला फोन लावायला निघतात. काका हातानंच थांबवतात. "कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या. फसवणूक नाही." हे इतकं चोख निघतं, की पुढच्या सगळ्यावर घरच्यांचा आपोआप विश्वास बसतो.

मग डिस्क मॅनेजमेंट उघडतं. 'श्रिंक व्हॉल्यूम'ला आकडा एमबीत द्यावा लागतो. काका पेन काढून पेपरच्या समासात १०० गुणिले १०२४ मांडतात. कुणी १,०२,४०० ऐवजी नुसतं एक लाख टाकलं, तर ड्राइव्ह ९७.६६ जीबीचा दिसतो, आणि ते अपूर्णांक काकांना झोपू देत नाहीत. काही फायली जागच्या हलत नसल्यानं विंडोज मागितली तेवढी जागा सोडत नाही. मग घासाघीस सुरू: हायबरनेशन बंद कर, रिस्टोअर पॉइंट उडव, पुन्हा बघ. कडेचं छोटंसं ईएफआय पार्टिशन दिसलं की मात्र आवाज खाली येतो. "याला हात लावायचा नाही."

शेवटी सीच्या वाट्याला १२० जीबी येतात. "पुष्कळ झाले. आपल्याला काय कारखाना चालवायचाय?" डी 'कामाचं', ई 'फोटो', एफ 'पिक्चर'.

जिचा लॅपटॉप, ती मुलगी विचारते, "काका, एकाच ड्राइव्हमध्ये वेगवेगळे फोल्डर केले तर नाही चालणार?"

"फोल्डर वेगळं, पार्टिशन वेगळं." विषय संपला.

पुढच्या दिवाळीपर्यंत सीची पट्टी लाल झालेली असते. डेस्कटॉप, डाउनलोड्स, मेसेजमधून उतरवलेलं सगळं सीतच साठत जातं, कारण काकांची योजना विंडोजला कुणी कळवलेली नसते. 'पिक्चर' ठणठणीत रिकामा. पिक्चर आता सगळे मोबाइलवर बघतात. काकांना पुन्हा बोलावणं जातं. सी वाढवायचा, तर मोकळी जागा त्याला लागून, उजव्या अंगालाच हवी. हे भावकीतल्या शेतासारखं असतं: पडीक जमीन पार टोकाला एफकडे, आणि बांधाला बांध डीचा. म्हणजे डीमधलं सगळं एफमध्ये हलवा, डी मोडा, सी वाढवा, उरल्यात डी पुन्हा मांडा. काका खुशीत असतात. एवढं काम बऱ्याच दिवसांत मिळालेलं नसतं.

"पण काका," मुलगी म्हणते, "ही डिस्कच उडाली तर?"

"तर चारही जातील."

"मग?"

काका पेपर पुढे ओढतात, समासात नवा गुणाकार मांडतात. "त्याचीही सोय करून टाकू," म्हणतात, आणि रिकाम्या एफचे दोन तुकडे करून जी ड्राइव्ह पाडतात. नाव देतात 'बॅकअप'.