टायरचं हॉटेल

आमच्या गाडीचे चार टायर एप्रिलपासून हॉटेलात राहताहेत. थट्टा नाही, जर्मनमध्ये त्याला ‘राइफेनहोटेल’ असाच शब्द आहे. उन्हाळाभर हिवाळी टायरांनी तिथे मुक्काम करायचा, हिवाळाभर उन्हाळी टायरांनी. थंड, कोरडी, अंधारी जागा, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी आणि भाडं आगाऊ. म्युनिकमध्ये माणसाला भाड्याचं घर शोधायला महिनोन्‌महिने लागतात. टायरला एका फोनवर खोली मिळते.

पुण्याला दाजींना हे सांगितलं.

“म्हणजे एका गाडीला आठ टायर?”

“हो.”

“वर स्टेपनी?”

“स्टेपनी नाहीये. इलेक्ट्रिक गाडीत सहसा देतच नाहीत.”

“आठ टायर, आणि स्टेपनी नाही!” एवढं बोलून त्यांनी फोन ताईकडे दिला.

दाजींचा दोष नाही. आपल्याकडे टायरला ऋतू नसतो, फक्त वय असतं. गुळगुळीत गोटा झाला की बदलायचा, आणि त्याआधी चार जणांकडून ‘अजून एक पावसाळा निघेल’ असा दाखला मिळवायचा. इथे मात्र ऑक्टोबर आला की मराठी घरांत दोनच विषय असतात. चकलीची भाजणी कोण आणतंय, आणि टायर कधी बदलताय?

लोक म्हणतात, ‘ओ ते ओ’. ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. कायद्यात पाहावं तर तारीखच नाही. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेल्या पाण्याचा थर असेल तर हिवाळी टायर हवेत, नसेल तर नकोत. म्हणजे उन्हाळी टायरवाला सकाळी सातला गुन्हेगार, अकराला ऊन पडलं की सज्जन. सातलाच पकडला गेला तर 60 युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या सरकारी खात्यात एक गुण. हे गुण शाळेतल्यासारखे नाहीत. 8 झाले की लायसन्स जातं.

शेजारच्या ऑस्ट्रियातही हाच लपंडाव, पण तारखांच्या कुंपणात. तिथे मुदत ठरलेली आहे, 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल, आणि त्या काळात रस्ता बर्फाळ असेल तर हिवाळी टायर हवेत. शिवाय नक्षीची खोली 4 मिलिमीटरच्या खाली गेली की हिवाळी टायर हा हिवाळी धरतच नाहीत. तेव्हा स्कीइंगला निघालेल्यांनी सीमेवर पोहोचण्याआधी खाली वाकून बघावं.

हिवाळी टायर ओळखायचा कसा? बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. पूर्वी ‘एम प्लस एस’ एवढी अक्षरं असली तरी चालायचं. ‘चिखल आणि बर्फ’ असा त्यांचा अर्थ. पण ती अक्षरं छापायला बर्फावरची कुठलीच परीक्षा द्यावी लागत नव्हती. स्वतःच स्वतःला दिलेली डॉक्टरेट. 1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीने ती रद्द केली.

आता ऑल सीझन. गुडइयरने 1977 मध्ये ‘टिएम्पो’ काढला तेव्हापासून हा प्रकार जगात रुळला. त्यालाही हिमकण असेल तर तो कायद्याला बारा महिने चालतो. आपल्याकडच्या हायवेवर एक पाटी असते ना, ‘पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन’, तसा हा टायर. पोट भरतं, बाधत नाही. पण डोसा खायला म्हणून मुद्दाम तिथे कुणी जात नाही.

पेट्रोलच्या गाडीत हा वाद दहा मिनिटांत मिटायचा. इलेक्ट्रिक घेतली आणि घरात रेंज नावाची सासू आली. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहावं असं बनवलेलं, त्यात बर्फाला धरायला बारीक बारीक काप. ते चाक फिरताना थोडी जास्त वीज खातं. युरोपात टायरला पत्रिकाच जोडलेली असते. चाक फिरताना ऊर्जा किती वाया जाते ते ए ते ई, ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई, आवाज डेसिबलमध्ये, शिवाय हिमकण आहे की नाही. आमचे एक स्नेही त्यातला पहिलाच रकाना वाचतात. पकडीचा रकाना पाहिला का, विचारलं तर म्हणाले, “पकड काय, असतेच.” मुलीची पत्रिका जुळवताना फक्त पगार पाहावा, तसं.

आणि हेच स्नेही गाडीत बसले की हीटर चोवीसवर.

नॉर्वेत 2024 साली विकलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. तिथली वाहनचालकांची संघटना एनएएफ दर हिवाळ्यात चार्ज संपून थांबेपर्यंत गाड्या चालवून बघते. कागदावरच्या रेंजमधून एखादीचा दहावा हिस्सा गळतो, एखादीचा तिसरा. ही गळती मुख्यतः थंडीची. बॅटरी गारठते आणि आतली माणसं ऊब मागतात. त्यापुढे दोन टायरांमधला फरक म्हणजे लग्नाच्या खर्चात वाचवलेली अक्षता.

खरी गोष्ट निराळी आहे. दोन टनांची गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. बाकी स्क्रीन, कॅमेरे, ॲप, सगळं हवेत. त्यात विजेची मोटर शून्यापासून पूर्ण जोर लावते, आणि पाय उचलला की चाकाला मागे खेचून बॅटरी भरून घेते. कोरड्या रस्त्यावर ही बचत. गोठलेल्या उतारावर तेच खेचणं चाकाची पकड सोडवू शकतं.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मागे एका नोव्हेंबरात रात्री बर्फ पडला, सकाळी मी तळघरातल्या पार्किंगमधून वर येऊन रस्त्याच्या उताराला लागलो, पाय उचलला, आणि गाडी शांतपणे, काहीही आवाज न करता, शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्याला जाऊन भेटली. उन्हाळी टायर. बदलायची वेळ मिळाली ती आठवड्यानंतरची, कारण पहिला बर्फ पडेपर्यंत मीही फोन केला नव्हता. त्या दिवशी सगळ्या म्युनिकने केला असावा, दुपारपर्यंत दुकानाची लाइन लागेना.

दुकानात गेल्यावर दुसरा बाजार. “इलेक्ट्रिकसाठी खास टायर दाखवू?” दाखवा. आत फोमचा थर, कारण इंजिनचा आवाज नसल्याने टायरचा आवाज कानावर येतो. गोष्ट खरी, पण फोम बर्फाला धरत नाही. आपण भारांक बघावा. बॅटरीमुळे गाडी जड, तेव्हा कागदपत्रांत दिलेल्या आकड्याइतकं वजन तो टायर पेलतो का? तेवढं जमलं तर बाकी शिक्का ऐच्छिक. आणि जॅक लावणाऱ्याला आधी सांगा, गाडी विजेची आहे. ठरलेल्या खाचांतच लावायचा, बॅटरीच्या पोटाला नाही.

दोन संच म्हणजे दुप्पट खर्च, हा हिशेबही अर्धाच. वजन आणि जोर यांमुळे या गाड्यांचे टायर लवकर झिजतात, पण एक जोडी घालताना दुसरी विश्रांती घेते. ऑल सीझन बिचारा जुलैच्या तापलेल्या ऑटोबानवरही राबतो. दोन संचांत जास्तीचा खर्च असतो तो रिमचा, अदलाबदलीचा आणि त्या हॉटेलचा.

तर माझा निकाल. हॅम्बुर्ग-कोलोनसारख्या सपाट गावात राहता, गाडी फारशी फिरत नाही आणि बर्फ पडलाच तर घरून काम करता येतं, तर हिमकणवाला ऑल सीझन घ्या आणि दोन संचवाल्यांच्या फुशारक्या ऐकू नका. म्युनिकच्या दक्षिणेला राहता, पहाटे कामावर निघावं लागतं किंवा पोरांना डोंगरात नेता, तर हिवाळीच. रेंजचं कारण सांगू नका. अर्धा तास आधी निघा, वाटेत चार्जरपाशी कॉफी प्या.

आणि चाकं बदलून घेतलीत की पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या. पावतीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.