ट्रान्झिस्टर आण

"येताना एखादा जुना ट्रान्झिस्टर आण," दिन्याने लंडनहून फोनवर सांगितलं, "बंद पडलेला असला तरी चालेल." आम्ही गहिवरलो. तिकडे राहूनही पोरगा रेडिओ विसरला नाही! आप्पांनी माळ्यावरून ट्रान्झिस्टर काढला, पुसला, दोन थपडा मारून चालू केला आणि चामडी कव्हरासकट माझ्या बॅगेत घातला.

दिन्याला रेडिओ नकोच होता. त्याला खरोखरच ट्रान्झिस्टर हवा होता. आतला, शेंगदाण्याएवढा.

जुन्या फझ पेडलांची पोटं उघडून त्यांचं कुळ-गोत्र सांगणाऱ्यांची एक जमात आहे, दिन्या त्यातला. फझ म्हणजे गिटारचा चांगला आवाज मुद्दाम फाडून देणारी, पायाने दाबायची डबी. १९६२ साली अमेरिकेत मॅस्ट्रोची 'फझ-टोन' आली, १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती गाजली. हे सांगताना दिन्या गाण्याबद्दल चकार शब्द काढत नाही. "आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर," एवढंच म्हणतो आणि डोळे मिटतो.

त्याचं दैवत मात्र लंडनच्या आर्बिटरचं १९६६ सालचं 'फझ फेस'. आकार माइकच्या स्टँडच्या गोल बैठकीवरून घेतलेला. लंडनला त्याच्या घरी पोचून मी हातपाय धुऊन बाहेर आलो तोवर ते टेबलावर उताणं पडलं होतं आणि स्क्रू फुलपात्रात होते. दिन्याने डोळ्याला भिंग लावलं. आमच्या पेठेतला सोनार मोडीला आलेली पाटली अशीच बघायचा, आधी वस्तू आणि मग आणणाऱ्याचं तोंड.

"पिवळा, जांभळा, तपकिरी. बोल!"

"काय बोलू?"

"चारशे सत्तर ओहम!" रेझिस्टरवरच्या पट्ट्या मला वाचता येत नाहीत, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. आत सामान तरी किती? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर. आमच्या मिक्सरमध्ये याहून जास्त निघेल. पण दिन्या त्यावर दोन तास बोलला. हा डाख मूळचा, हा नंतर कोणीतरी दिलेला, कारण हा चकाकतो. ट्रान्झिस्टर एनकेटी २७५ असले तर जर्मेनियमचे, घराणं खानदानी. बीसी १०८ असले तर सिलिकॉनचे, म्हणजे पुढच्या पिढीतले. "तेही वाईट नाहीत," तो म्हणाला. आंतरजातीय लग्नाबद्दल आमची आत्या असंच म्हणायची.

लग्नावरून आठवलं. या दोन ट्रान्झिस्टरांचे गुण जुळावे लागतात. पहिल्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, ७०-८०, दुसऱ्याचा १२०च्या आसपास, आणि गळती दोघांचीही बेताची. पत्रिका जुळली नाही तर संसार घरघरतो. शिवाय जर्मेनियम भलतंच हळवं, जरा ऊब लागली की सूर बदलतो. मी एक उचलून बघायला गेलो तर दिन्या ओरडला, "बोटं लावू नकोस! आता पाच मिनिटं आकडा खोटा येणार." मग आम्ही दोघं त्या शेंगदाण्याचा ताप उतरायची वाट बघत बसलो.

"भाऊजी, फ्रीजमधून कोथिंबीर देता?" वहिनींनी आतून विचारलं. कोथिंबिरीच्या मागे, श्रीखंडाच्या डब्यात, कापडात गुंडाळलेलं आणखी एक पेडल गारव्याला बसलं होतं. वहिनींनी ते न बघताच बाजूला सरकवलं.

जेवणानंतर आप्पांचा ट्रान्झिस्टर टेबलावर आला. चालू करून बघायचं दिन्याला सुचलंही नाही. मागचं झाकण उघडलं आणि तो पुटपुटला, "एसी १२८. भारत इलेक्ट्रॉनिक्स. जोडी!" डाख वितळल्याचा वास आला. दोन्ही बाहेर काढून, गार होऊ देऊन त्याने मीटर लावला. ७४ आणि ११८. "जुळले!" असं ओरडून त्याने मला मिठी मारली. गेल्या वीस वर्षांत प्रथमच.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पा होते.

"पोचलास ना? ट्रान्झिस्टर दिलास का दिनूला?"

"दिला."

"आवडला का त्याला?"

"फारच."

"मग जरा त्याला सांग, विविध भारतीला काटा किंचित डावीकडे ठेवावा लागतो."