पर्यायपंत

प्रत्येक आयटी ऑफिसात एक पर्यायपंत असतातच. चष्मा कपाळावर, स्क्रीन काळी, माउस धूळ खात पडलेला. माणसाला टाइप करायला लावलं की तो घोळ घालणारच, यावर त्यांची गाढ श्रद्धा. सर्व्हरचं नाव विचारा, तो स्पेलिंग चुकवेल, मध्येच स्पेस सोडेल आणि वर "तुमची स्क्रिप्ट चालत नाही हो" म्हणून मेल टाकेल. म्हणून पंतांची स्क्रिप्ट नाव विचारतच नाही. यादी दाखवते, क्रमांक घालते आणि म्हणते, यातला एक निवडा.

बॅश या शेलमध्ये यासाठी 'सिलेक्ट' नावाची आयती सोय आहे. ती मूळची बेल लॅब्जच्या डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलमधली. १९८९ साली आलेल्या बॅशने पुढे ती उचलली. पंत ही माहिती घराण्याची वंशावळ सांगावी तशी सांगतात. खटकतं एवढंच की ही सोय यादीखाली नुसतं '#?' दाखवून गप्प बसते. "ही काय विचारायची रीत झाली?" म्हणत पंतांनी त्या खुणेचा मजकूर ठरवणारं पीएस-थ्री हे व्हेरिएबल बदललं आणि लिहिलं, 'आपल्या पसंतीचा क्रमांक टाकण्याची कृपा करावी.' 'कृपया आहेर आणू नये' तेवढं राहिलं.

लोक कृपा करतात, पण आपापल्या परीने. कोणी 'तीन' लिहितो, कोणी कंसासकट '3)', कोणी नुसतं 'हो'. एकाने कीबोर्ड मराठीत असताना देवनागरी '३' दाबला. बॅशला तो आकडा वाटेना. चुकीचं काही आलं की सिलेक्ट निवडीचं व्हेरिएबल रिकामं ठेवते, पण टाइप केलेलं जसंच्या तसं 'रिप्लाय' या व्हेरिएबलमध्ये जपते. पंत ते सगळं एका फाइलीत साठवतात आणि दुपारच्या चहाला वाचून दाखवतात. मॅनेजरसाहेबांची नोंद त्यात नाही, कारण ते फक्त एंटर दाबतात. रिकाम्या एंटरवर यादी पुन्हा छापली जाते. साहेब पुन्हा एंटर दाबतात. दोघांपैकी कोणीच दमत नाही.

मध्यंतरी एक जुना सर्व्हर निवृत्त झाला आणि यादीतले खालचे सगळे एकेक जागा वर सरकले. बोटांना हे कोण सांगणार? काल ट्रेनिंग होतं त्या तिसऱ्या जागी आज प्रॉडक्शन. सवयीने तीन दाबणाऱ्याच्या खांद्यावरून पंतांनी हात घालून कंट्रोल-सी दाबलं, म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रॉडक्शन निवडलं की स्क्रिप्ट पूर्ण नाव टाइप करायला लावते. ज्या टायपिंगवर पंतांचा काडीचा विश्वास नव्हता, तेच शेवटी पहाऱ्याला बसवावं लागलं!

पण सगळ्यात उपद्रवी ठरला तो पंतांचा हट्ट. कंट्रोल-डी दाबून कोणी निवड न करताच सटकू नये म्हणून त्यांनी सिलेक्टभोवती न संपणारा लूप घातला. मग तीच स्क्रिप्ट रात्रीच्या बॅकअपसाठी, ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनला लावली. क्रॉनकडे ना टर्मिनल, ना बोट. इनपुट संपलेलंच, सिलेक्ट बाहेर पडे, लूप तिला परत आत ढकले. सकाळी डिस्क भरलेली, बॅकअप शून्य, आणि लॉगमध्ये वरपासून खालपर्यंत कृपा करावी, कृपा करावी, कृपा करावी.

पंतांनी लॉग चाळला आणि म्हणाले, "बघा, कोणीही चुकीचा पर्याय निवडलेला नाही."

तुमच्या ऑफिसातल्या पंतांना एवढं सांगा: सर्व्हरचं नाव आर्ग्युमेंट म्हणून आधीच दिलं असेल, तर पुन्हा विचारू नका. दिलं नसेल, तर समोर टर्मिनल आहे का ते स्क्रिप्टला आधी तपासू द्या. असेल तर खुशाल यादी मांडा. नसेल तर एका ओळीची एरर लिहून, शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड देऊन, मुकाट्याने बाहेर पडा.