चौरंगी लढत, बिनविरोध निकाल

डोंबिवली पूर्वेतील एका सदनिकेत, बाहेरच्या खोलीतल्या संगणकासाठी ब्राउझरची निवडणूक जाहीर झाली असून घरात आचारसंहिता लागू आहे. मतदारसंघ लहान, मतदार पाच. वडील करसल्लागार, आई सोसायटीची खजिनदार, मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, मुलगा नववीत आणि आजोबा सेवानिवृत्त. प्रचार एकटी मुलगी करते आहे आणि बाकीचे चौघे कुंपणावर आहेत. म्हणजे लोकशाही सुदृढ आहे.

ही वेळ आली ती जाहीरनाम्यामुळे. सत्ताधारी क्रोमने आपल्या जाहीरनाम्याची तिसरी आवृत्ती लागू केली. हा विनोद नव्हे. ब्राउझरला जोडायच्या एक्स्टेंशनांच्या नियमावलीला अधिकृतपणेच ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ म्हणतात. तिच्यामुळे यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा जुना, कष्टाळू कार्यकर्ता २०२५ मध्ये क्रोममधून तडीपार झाला. कारण सुरक्षेचे आणि वेगाचे देण्यात आले. पक्षाचा, म्हणजे गुगलचा, चरितार्थ जाहिरातींवर चालतो, हा निव्वळ योगायोग. तडीपारीनंतर आजोबा पंचांग बघायला बसले, तर तिथीच्या डोक्यावर गुडघ्याचे तेल, नक्षत्राच्या खाली टू बीएचके आणि राहुकाळाच्या जागी वैयक्तिक कर्ज. “आज चतुर्थी आहे की बुकिंग ओपन आहे, ते एकदा सांगा,” असे आजोबा गरजले आणि सरकार अल्पमतात आले.

आता उमेदवारांचा परिचय. क्रोम हे विद्यमान, चिन्ह चौरंगी चेंडू. २००८ पासून राजकारणात, आज जगातला दोनतृतीयांशाच्या आसपास वाटा त्यांचा. प्रचार करण्याची गरज त्यांना वाटत नाही, कारण आजोबा ‘इंटरनेट’ म्हणतात ते त्यांनाच.

एज हे राज्यपालनियुक्त सदस्य. विंडोजबरोबरच घरात येतात. त्यांना मत कोणी देत नाही, पण त्यांचे आसन हलत नाही. परंपरेने त्यांचा उपयोग एकदाच होतो, दुसऱ्या उमेदवाराला घरात आणायला. नवा संगणक घ्यायचा, एज उघडायचा, क्रोम उतरवून घ्यायचा आणि एज मिटायचा. त्या वेळी एज पडद्यावर पट्टी लावून विनवतो की आपणही त्याच तंत्रावर चालतो, शिवाय मायक्रोसॉफ्टचा भरवसा जादा. मी प्रतिस्पर्ध्यासारखाच आहे हाच ज्याचा प्रचाराचा मुख्य मुद्दा, असा उमेदवार आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

एजच्या पोटात आणखी एक गृहस्थ राहतात. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी अधिकृतपणे निवर्तले. पण वडिलांना कामासाठी लागणाऱ्या एका जुन्या पोर्टलच्या तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल’ ही ओळ अजून आहे आणि डिजिटल सहीचे बटण त्याच्याशिवाय हलत नाही. अशा भाविकांसाठी मायक्रोसॉफ्टने एजमध्ये ‘आयई मोड’ ठेवला असून तो किमान २०२९ पर्यंत चालवण्याचे वचन दिले आहे. मतदारयादीत मयतांची नावे असतात हे आपण ऐकून होतो. इथे मयत उमेदवाराला मुदतवाढ मिळाली आहे.

मग येतात बंडखोर. ऑपेरा मूळचा नॉर्वेचा, स्वतःच्या प्रेस्टो इंजिनाचा मानी. २०१३ मध्ये प्रेस्टो सोडून तो क्रोमियम गटात गेला. क्रोमियम म्हणजे क्रोमचाच पाया, जो गुगलने सर्वांसाठी खुला ठेवला आहे. ऑपेराचे सहसंस्थापक योन फॉन टेट्झ्नर आधीच बाहेर पडले होते. निष्ठावंत चाहत्यांसाठी त्यांनी विवाल्डी हा नवा पक्ष काढला. इंजिन? क्रोमियम. तिकडे १९९५ मध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्ट लिहिणारे ब्रेंडन आइक, फायरफॉक्स काढणाऱ्या विरोधी मोझिलाचे सहसंस्थापक, २०१४ मध्ये पक्षाबाहेर पडले आणि खासगीपणाचा झेंडा उंचावत ब्रेव्ह घेऊन आले. इंजिन? आपण ओळखलेच. मुलाचा कौल ऑपेराच्या जीएक्स या गेमिंग शाखेला आहे, कारण तिचा रंग काळा-लाल आहे. वयाच्या मानाने हा विचार परिपक्व म्हणावा लागेल, अनेक प्रौढ मतदार एवढाही करत नाहीत.

स्वदेशीची बाजूही रिकामी नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली. २०२५ च्या मार्चमध्ये निकाल लागला. पहिले एक कोटीचे बक्षीस झोहोच्या चमूला मिळाले. झोहोचा उला चांगला, नीटनेटका ब्राउझर आहे. वडिलांनी अभिमानाने विचारले, “म्हणजे हा पूर्ण आपला?” मुलगी म्हणाली, “बाबा, घर आपलं, पाया क्रोमियमचा.” वडिलांनी पाणी मागितले. २०२५ मध्ये आलेले कॉमेट आणि अ‍ॅटलस हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे तरुण चेहरेही त्याच पायावर उभे आहेत.

इंजिनाला इतके महत्त्व का, हे आईने विचारले. रास्त प्रश्न. संकेतस्थळ पाठवते तो सगळा कोड. तो वाचून पडद्यावर पान मांडण्याचे काम इंजिनाचे. बाकी टॅब, रंग, बटणे हा पोशाख. बहुतेक सगळे एकाच इंजिनावर गेले की संकेतस्थळे बांधणारे त्या एकातच पान तपासतात आणि मग वेबचे नियम कागदावर कोणीही लिहो, चालतो तो इंजिन सांभाळणाऱ्याचा शब्द. घराणेशाहीची हद्द म्हणजे या घराण्याचा मूळ पुरुष गुगलचा नाहीच. केडीईच्या हौशी मंडळींनी १९९८ मध्ये केएचटीएमएल सुरू केले. त्यावरून अ‍ॅपलने सफारीसाठी वेबकिट घडवले, त्यावर क्रोम उभा राहिला आणि २०१३ मध्ये गुगलने त्यातून ब्लिंक वेगळे काढले. एवढी फाटाफूट होऊनही कोणी चिन्हासाठी न्यायालयात गेले नाही, ही बाब महाराष्ट्राने नोंद घेण्यासारखी आहे.

या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे वाचण्यासारखी आहेत. संकेतस्थळाच्या दारात प्रत्येक ब्राउझरला आपली ओळख सांगावी लागते. क्रोम ती अशी सांगतो: मी मोझिला, मी अ‍ॅपलवेबकिट, मी केएचटीएमएल, गेकोसारखाच, मी क्रोम, मी सफारी. एका ओळीत सहा नावे, त्यात विरोधकांचीही. जुन्या काळी काही संकेतस्थळे चांगली पाने फक्त ‘मोझिला’ म्हणणाऱ्यालाच वाढत, म्हणून एक्सप्लोररने तेच नाव सांगायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या पिढ्यांनी वाडवडिलांची नावे जोडत नेली. ब्रेव्ह आणि विवाल्डी तर सहसा स्वतःचे नाव घेतच नाहीत, सरळ क्रोम म्हणून आत जातात.

निष्पक्ष निवडणुकीचा प्रयत्न जगात झालाच नाही असे नाही. युरोपीय आयोगाच्या दट्ट्यामुळे मायक्रोसॉफ्टला २०१० मध्ये विंडोजवर खरोखरीची मतपत्रिका दाखवावी लागली. उमेदवार बारा आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून. पुढे २०११ मध्ये विंडोज ७ च्या एका सुधारणेबरोबर ही मतपत्रिकाच गहाळ झाली. तांत्रिक चूक, असे कंपनीने सांगितले. सुमारे दीड कोटी मतदारांना ती दिसली नाही, चौदा महिने हे कोणाच्या लक्षात आले नाही आणि २०१३ मध्ये कंपनीला ५६.१ कोटी युरो दंड झाला. मतदानयंत्रांवर शंका घेणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे.

गुप्त मतदानाविषयीही गैरसमज आहेत. क्रोमची ‘गुप्त’ खिडकी उघडली की आपल्याला कोणी पाहत नाही, अशी मुलाची समजूत होती. तशीच समजूत असलेल्यांनी अमेरिकेत २०२० मध्ये दावा लावला आणि २०२४ मध्ये गुगलने तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायचे मान्य केले. गुप्त खिडकी इतिहास लपवते तो घरच्यांपासून. हे कळल्यावर मुलगा गंभीर झाला, आणि आईही.

उरला विरोधी पक्ष. फायरफॉक्स, पहिली आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४, इंजिन स्वतःचे, गेको. यूब्लॉक ओरिजिन तिथे अजून सन्मानाने काम करतो. मॅक नसलेल्या या घरात वेगळ्या घराण्याचा ठळक उमेदवार हाच. फक्त पक्षनिधीचा तपशील वाचताना खुर्चीला धरून बसावे. मोझिलाच्या उत्पन्नाचा सिंहाचा वाटा गुगलकडून येतो, फायरफॉक्समध्ये शोधासाठी गुगल आधीपासून बसवून ठेवल्याबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारातील बेकायदा मक्तेदारीबद्दल गुगलला दोषी ठरवले. मग ही देणगी बंद होणार या भीतीने कोण हवालदिल झाले? विरोधी पक्ष. मोझिलाने न्यायालयाला विनवले की शिक्षा करा, पण पैसे थांबवू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये निकाल आला: क्रोम विकायची गरज नाही, पैसे देण्यावरही सरसकट बंदी नाही. विरोधकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सत्ताधाऱ्यांना तर विरोधक हवेच असतात, मक्तेदारी नाही हे दाखवायला.

मतदानाच्या दिवशी खरा मुद्दा निघाला पासवर्डांचा. घरातले सगळे पासवर्ड क्रोमच्या ताब्यात. ते न्यायचे तर आधी सेटिंगमधून एका फाइलीत उतरवून घ्यावे लागतात. ती फाइल वडिलांनी कुतूहलाने एक्सेलमध्ये उघडली, तर सगळे उघडेवाघडे, रांगेने. मुलाच्या गेमच्या खात्याला आणि वडिलांच्या बँकेला एकच पासवर्ड असल्याचे चौथ्या रकान्यात सर्वांसमक्ष उघड झाले. मतदान पाऊण तास तहकूब करण्यात आले. नंतर पासवर्ड बदलले गेले, फाइल पुसली गेली आणि मुलीने ती रिसायकल बिनमधूनही काढून टाकली. निवडणुकीत झालेले ठोस लोकहिताचे काम ते हेच.

अखेर तीन विरुद्ध दोन मतांनी फायरफॉक्स निवडून आला. मुलगा ऑपेराशी एकनिष्ठ राहिला. आजोबांनी ‘इंटरनेट’लाच मत दिले, ते नियमानुसार क्रोमच्या खात्यात गेले. नवनिर्वाचितांचा शपथविधी तात्काळ झाला. खिडकी उघडली, मधोमध शोधाची पेटी आणि तिच्यात आधीच विराजमान गुगल.

वडिलांनी मुलीकडे पाहिले. “शोधासाठी वेगळी पोटनिवडणूक घेऊ,” ती म्हणाली. “डकडकगो उभा आहे. माग काढत नाही, अर्ज स्वच्छ.” आता शहाण्या झालेल्या आईने एकच विचारले, “त्याला बाहेरून पाठिंबा कोणाचा?”

डकडकगोचे निकाल बव्हंशी बिंगकडून येतात. बिंग मायक्रोसॉफ्टचे. राज्यपालनियुक्त सदस्यांनी त्याच संध्याकाळी पडद्यावर पट्टी लावून नव्या सरकारचे अभिनंदन केले.