मिनिमम काका

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की मिनिमम काका लोकांना नमस्कार करायचं सोडून देतात. समोरून येणाऱ्याला ते थेट आकडा सांगतात. "अकरा पॉइंट दोन!" एवढं बोलून पुढे निघून जातात. आमच्या चिंचवडच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना वाटलं, हे हिमोग्लोबिन सांगताहेत. त्यांनी काळजीने विचारलं, "मग डॉक्टर काय म्हणाले?" काका खुशीत म्हणाले, "दोन दिवसांत दहाच्या खाली जाईल!" त्या बाई मग आठवडाभर काकूंना "काही लागलं तर हक्काने सांगा हं" म्हणत होत्या.

काकांची सगळी नोकरी एका मोठ्या कंपनीच्या स्टँडर्ड रूममध्ये गेली. गेज तपासायची खोली ती. धातू तापला की वाढतो, म्हणून मोजमाप करायचं ते वीस अंश सेल्सिअसला, असं जगाने ठरवून टाकलंय. त्यामुळे काकांच्या वाट्याला ना वैशाख आला, ना पौष. बाहेर पिंपरी भाजून निघत असली तरी आत वीस. काटा जरा हलला की मेंटेनन्सला फोन, मग कारणमीमांसा, मग सही. असा माणूस निवृत्त होऊन गॅलरीत येऊन बसला आणि त्याला शोध लागला की तापमान रोज हलतं, आणि त्याबद्दल कुणाला मेमोसुद्धा मिळत नाही. त्या आनंदातून काका अजून सावरलेले नाहीत.

पण हौस झाली तरी स्वभाव जातो कुठे? मोबाइलवर दिसणारं तापमान त्यांना मान्य नाही. "त्याचं कॅलिब्रेशन कुणी केलंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. गच्चीतल्या काँक्रीटची धग नको म्हणून त्यांनी सोसायटीच्या मागच्या हिरवळीवर लाकडी झडपांची पांढरी पेटी उभी केली, जमिनीपासून बरोब्बर सव्वा मीटर उंच. सोसायटीच्या सभेत तिच्यावर दोन तक्रारी आल्या. एकाला तो कबुतरखाना वाटला, दुसऱ्याला मधमाश्यांची पेटी. काकांनी उत्तरादाखल इतिहास सांगितला. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने काढली. तो दीपगृहं बांधायचा. त्याचाच मुलगा 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा. "मुलगा गोष्टी लिहीत बसला, बापाने काम केलं," असा समारोप करून काका खाली बसले. सभेत कथाकार कुणी नव्हता, त्यामुळे पेटी वाचली.

आता थंडीवर इतकं प्रेम करणारा माणूस थंडीला निदान घाबरणार तरी नाही, असं कुणालाही वाटेल. पण कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि हातमोजे हा काकांचा पोशाख दहा अंशांच्या बऱ्याच आधी चढतो. त्यांना थंडी सोसायची नसते, तिची नोंद हवी असते. काकू म्हणतात, "आकडा खाली गेला की यांना आनंद, आणि गरम पाण्याची दुसरी बादली मला." काकूंची वेधशाळा वेगळी आहे. बाटलीतलं खोबरेल थिजलं म्हणजे थंडी सुरू झाली, आणि रात्रीचं विरजण सकाळी लागलं नाही म्हणजे कडाका. या वेधशाळेला कॅलिब्रेशन लागत नाही आणि तिचा अंदाज आजवर चुकलेला नाही, ही काकांची जुनी ठसठस.

याहून मोठी ठसठस चिंचवडची आहे. पेपरात पुण्याचं म्हणून जे किमान तापमान येतं, ते शिवाजीनगरच्या वेधशाळेतलं. चिंचवडच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा थंडीत बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा काही अंश वरच असतो. शिवाजीनगर दहाच्या खाली उतरून मिरवत असतं, तेव्हा चिंचवड चौदा-पंधराला रेंगाळतं. काका तो आकडा वाचतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पूर्ण लॉट रिजेक्ट झाल्याचं दुःख असतं. "विद्यापीठ पुण्याला, पेशवे पुण्याला, आणि आता थंडीसुद्धा पुण्यालाच?" एकदा पेटून उठून ते पहाटे पवनेच्या काठी, मोरया गोसावींच्या समाधी मंदिराशेजारच्या घाटावर थर्मामीटर घेऊन जाऊन बसले. थंड हवा जड असते, ती उतारावरून सरकत नदीपात्रात साचते, हे त्यांचं शास्त्र अगदी बिनचूक होतं. आकडाही शिवाजीनगरच्या जवळपास मिळाला. पण ओल्या पायरीवर बसल्यामुळे पुढचे चार दिवस काकांचं स्वतःचं तापमान मॅक्झिममकडे होतं.

अशी माणसं आमच्या औद्योगिक पट्ट्यात आता जागोजागी सापडतात. नोकरीभर शिफ्ट, टार्गेट आणि डिस्पॅच सांभाळलेल्या माणसाला पुढे एखादी तरी गोष्ट अशी हवी असते, जी कुणाचं वेळापत्रक मानत नाही. कुणी राजकारण धरतो, कुणी आभाळ. काकांचं मंडळ प्राधिकरणातल्या चहाच्या टपरीवर जमतं. निगडीचे सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक, अजूनही फळा समोर असल्यासारखे बोलतात. चाकणचे तात्या कांद्याचे बागायतदार, त्यांची अर्धी जमीन एमआयडीसीत गेली आणि उरलेल्या अर्धीवर आभाळाची मर्जी. काकांचा भाचा चाकणच्याच एका कारखान्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे. त्याच्या मोबाइलवर हवामानाची अमेरिकन आणि युरोपियन अशी दोन्ही मॉडेलं, दोन्हींचं एकमेकांशी पटत नाही, आणि भाच्याचा दोन्हींवर विश्वास.

जानेवारीत कधीतरी तो मेसेज येतोच: 'महाबळेश्वरला बर्फ पडला!' सोबत वेण्णा तलावाच्या जेटीवरची पांढरी चादर, जीपच्या टपावरचा पांढरा थर, स्ट्रॉबेरीची गारठलेली पानं आणि 'मिनी काश्मीर' ही अक्षरं. मग टपरीवर विशेष अधिवेशन भरतं.

"पडला म्हणू नका," काका कप खाली ठेवून म्हणतात. "जमला म्हणा. वेण्णा तलावाला जे होतं ते जागच्या जागी होतं. वरून काही येत नाही."

सर लगेच फळ्याकडे वळतात. "निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. तापमापक पेटीत, सव्वा मीटर उंचीवर. तिथे पाच-सहा अंश असले, तरी खाली गवताच्या पात्यावर शून्य गाठलेलं असू शकतं. मग दव गोठतं. त्याला हिमकण म्हणायचं."

"वरनं आला काय न् खालनं आला काय," तात्या म्हणतात, "पांढरा हाय ना?"

तात्यांचा हा दृष्टिकोन काकांना अजिबात झेपत नाही. ज्याने आयुष्यभर गो आणि नो-गो गेज वापरलं, त्याच्या जगात 'पांढरा आहे ना' ही टॉलरन्स बसत नाही.

भाचा हिशेब मांडतो. "मामा, पुण्याची उंची पाचशे साठ मीटर, कळसूबाई १६४६. दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. म्हणजे शिखरावर पुण्यापेक्षा सात अंश कमी. एखाद्या रात्री पुणे पाचवर आलं, तर वर उणे दोन! बर्फ पडायला काय हरकत आहे?"

"पाचवर कशाला?" काकांचे डोळे चमकतात. "१७ जानेवारी १९३५. पुणे, एक पॉइंट सात!" ही तारीख काकांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. दरवर्षी त्या दिवशी ते सकाळचा चहा गार करून पितात. "त्या हिशेबाने त्या पहाटे कळसूबाईवर उणे पाच!"

"चूक," सर म्हणतात. त्यांच्याकडे खडू असता तर त्यांनी तो फेकून मारला असता. "अशा शांत रात्री थंड हवा खाली उतरते. शिखरापेक्षा दरीच जास्त गारठते. म्हणून तर सह्याद्रीच्या माथ्याआधी निफाडचा आकडा बातमीत येतो. आणि मुख्य म्हणजे, बर्फ पडायला ढग लागतो. ढग आला की जमिनीवर गोधडी पडते, आणि पारा एका रात्रीत वर जातो. आपल्याकडे थंडी असते तेव्हा ढग नसतो, ढग येतो तेव्हा थंडी नसते. ढगात पाणी गोठण्याची पातळी आपल्या डोक्यावर ऐन हिवाळ्यातही चार किलोमीटरच्या वर असते. कळसूबाईवर कळसूबाई ठेवा, तिच्यावर आणखी एक कळसूबाई ठेवा, आणि मग वर जाऊन बसा."

एवढ्यावर मंडळ जरा गप्प होतं. काका मनातल्या मनात तिसरी कळसूबाई चढत असतात.

निफाडचं नाव निघालं की काकांना असूया वाटते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पाच-सहाच्या खाली गेला की ते तो दोनदा वाचून दाखवतात. तात्या एकदाच उत्तर देतात, "काका, तुम्हाला आकडा दिसतोय. तिकडं मानूस रातभर बागंत शेकोट्या पेटवून बसलाय. द्राक्षाचा मनी तडकला तर त्याचं वरीस गेलं." काका ओशाळतात. तो आकडा खोडत नाहीत, पण पुन्हा मोठ्याने वाचत नाहीत.

"आन् आभाळातनं बर्फ पडत न्हाई कोन म्हनतं?" तात्या पुढे म्हणतात. "२०१४ला फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात, विदर्भात शिवारं पांढरी झाली ती कशानं?" सर सांगतात की गार हा थंडीचा प्रकारच नव्हे. तापलेल्या हवेचा झोत ढगाला उंच ढकलतो, त्या उंचीवर पाणी गोठून गारा होतात. तात्या मान हलवतात. "म्हंजे पाहिजे तवा येत न्हाई, नको तवा येतो. सरकारी योजनाच म्हना की."

एकदा भाच्याने आणखी एक व्हिडिओ दाखवला: इंद्रायणीचं आळंदीतलं पात्र काठोकाठ पांढरंशुभ्र, वर तरंगणारे ढीगच्या ढीग. काका चष्मा लावून पुढे झुकले. क्षणभर त्यांच्या तोंडावर खरंच आशा होती. मग ते मागे सरले. "हा फेस आहे." सांडपाण्याचा, कारखान्यांच्या रसायनांचा तो फेस वारकऱ्यांच्या आंघोळीच्या जागी दरवर्षी येतो. "ह्याचा अंदाज कोन वर्तवतं ओ?" तात्यांनी विचारलं. "का ह्याला मॉडेल लागत न्हाई?" त्या दिवशी चहाचे पैसे कुणी दिले यावर वाद झाला नाही. काकांनी मुकाट्याने दिले.

वर्षातून एकदा काका शिवाजीनगरला जातात आणि शिमला ऑफिसला बाहेरूनच हात जोडतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं, पुढे १९४४ साली दिल्लीला गेलं. इमारतीला मात्र शिमल्याचं नाव चिकटलं ते चिकटलं. कंडक्टर "शिमला ऑफिस, शिमला ऑफिस" ओरडला की अर्धी बस तिकिटाएवढ्या पैशांत उतरते आणि कुणालाही गारठा लागत नाही. तात्यांचं यावर एकच म्हणणं: "सगळं बिऱ्हाड आनलं, न् बर्फ तेवढा तिकडंच इसरले व्हय?"

मागच्या जानेवारीत भाच्याच्या कारखान्यात फॅमिली डे होता. काका, सर, तात्या असं सगळं मंडळ पाहुणे म्हणून चाकणजवळच्या महाळुंग्याला गेलं. गेटमधून आत शिरताच तात्या थबकले. "हितंच आमची विहीर होती," ते म्हणाले, आणि मग इतरांसारखं गळ्यात व्हिजिटर पास अडकवून पुढे चालू लागले.

लॅबमध्ये माणसाएवढं एक पोलादी कपाट होतं. गाड्यांचे भाग थंड देशात तडकतात का, हे बघायला त्यात ते तासन्‌तास उणे चाळीसला ठेवतात. भाच्याने रबराचा एक भाग बाहेर काढायला दार उघडलं. आतून पांढरा लोट उसळून जमिनीवर लोळला, आणि रबराच्या तुकड्यावर बघता बघता बारीक पांढरी भुकटी चढली.

"पडला की ओ!" तात्या ओरडले. "चाकणात बर्फ पडला! माझ्याच रानात!"

सर म्हणाले, "बाहेरच्या हवेतली वाफ आहे ती. जमला म्हणा."

काका डिस्प्लेवरचा आकडा बघत होते. उणे चाळीस, त्यांनी आधी कधी न पाहिलेला. त्यांचा हात खिशातल्या वहीकडे गेला आणि परत आला. "ह्यात काय मजा?" ते म्हणाले. "उणे चाळीस मागितलं, उणे चाळीस मिळालं. ही आमची स्टँडर्ड रूमच झाली. मागवून आणलेली थंडी ती काय थंडी!"

भाचा हिरमुसला. "मग वहीत नको लिहायला, मामा?"

काका दोन पावलं दाराकडे गेले, थांबले, आणि वळून हळूच विचारलं, "शिवाजीनगरच्या वेधशाळेत असलं कपाट आहे?"

"वेधशाळेत कशाला असेल? तिथे बाहेरची हवा मोजतात."

"नाही ना?" काकांनी पेनचं टोपण काढलं. "मग लिही: चाकण, उणे चाळीस पॉइंट शून्य. आणि शेऱ्यात टाक, पुण्यापेक्षा कमी."